तोंडानं काढून दाखव

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला सुभद्रा घोरपडेची पांढरी व्हॅन कराडात पाटण रोडवरच्या इलाही मुजावरांच्या गॅरेजात शिरली, तेव्हा तिच्या बॉनेटखालून असा कर्कश आवाज येत होता की शेजारच्या रसवंतीतली माणसं ग्लास हातात धरून वळून बघायला लागली. जुन्या टायरांच्या ढिगावर झोपलेलं कुत्रं उठलं आणि नाराजीने रस्ता ओलांडून पलीकडे गेलं. व्हॅनच्या डॅशबोर्डवर मात्र हिरवा दिवा निवांत लागलेला होता. त्याच्याखाली अक्षरं होती, ‘सर्व ठीक’.

हा दिवा श्रवणीचा. श्रवणी म्हणजे काडेपेटीएवढी डबी. ती इंजिनाला चिकटवली, की अष्टौप्रहर त्याचा आवाज ऐकत बसते आणि एखादा भाग बिघडायच्या आधीच पिवळा नाहीतर लाल दिवा लावून सांगते. शहरांत आता सगळ्या गाड्या बॅटरीवर चालतात, पण पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरात असलेल्या वाड्यांना अजून जुन्या डिझेल गाड्यांशिवाय गत्यंतर नाही. या म्हाताऱ्या गाड्यांना रस्त्यावर राहायची परवानगी मिळाली ती एकाच अटीवर, की प्रत्येकीत श्रवणी बसवायची. पूर्वी गाडीतून जरा कुठे कुरकुर ऐकू आली की ड्रायव्हर गाडी कडेला घ्यायचा, बॉनेट उघडायचा, चार माणसं जमायची आणि त्यांची पाच मतं पडायची. आता कुणी थांबत नाही. आवाज आला तरी लोक आधी दिव्याकडे बघतात, आणि दिवा हिरवा असला तर रेडिओ मोठा करतात.

सुभद्राने गेल्या गुरुवारी तेच केलं होतं. कराडच्या रुग्णालयात डायलिसिसला येणाऱ्या पाच पेशंटांना ती आठवड्यातून तीनदा वाड्यांवरून खाली आणायची. गुरुवारी घाटातच बेल्ट तुटला. हा एकच बेल्ट वीज बनवणारा अल्टरनेटर फिरवतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, स्टिअरिंग हलकं ठेवणारा पंप फिरवतो आणि इंजिन गार ठेवणारा पाण्याचा पंपही फिरवतो. तो गेला तसा एसी बंद पडला, स्टिअरिंग जड झालं, आणि दोन वळणांत इंजिन इतकं तापलं की गाडी उभी करावी लागली. दुसरी गाडी यायला पावणेदोन तास लागले. एकाहत्तर वर्षांचे साळुंखे आबा त्या उन्हात धापा टाकत बसून होते आणि सुभद्रा त्यांना वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत होती. आबा वाचले, पण दोन दिवस त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या पावणेदोन तासांत हिरवा दिवा एकदाही बदलला नाही.

“नवा बेल्ट घातला, तरी ही वराडती बगा,” सुभद्रा खाली उतरत म्हणाली. तिने पिशवीतून तुटलेला बेल्ट काढून कट्ट्यावर ठेवला.

कट्ट्यावर अश्लेषा वाकणकर बसली होती. श्रवणी बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत ती इंजिनिअर होती आणि सकाळीच येऊन पोचली होती. तिच्याजवळ एक यादी होती. तीन महिन्यांत राज्यभरात सदतीस गाड्यांचे बेल्ट हिरवा दिवा असताना तुटले होते, आणि त्यातली सदतिसावी गाडी नव्या बेल्टनिशी आता तिच्यासमोर किंचाळत होती.

ती मुजावरांकडेच का आली, तर श्रवणीचा कान मुजावरांचा होता. यंत्राला स्वतःहून काही कळत नाही, त्याला शिकवावं लागतं. त्यासाठी कंपनीने राज्यातले अकरा वस्ताद निवडले. त्यांना बंद खोलीत हेडफोन लावून बसवलं आणि हजारो इंजिनांचे आवाज ऐकवले. समोर दोन बटणं, ‘दोष आहे’ आणि ‘दोष नाही’. वस्ताद जे बटण दाबतील ते श्रवणी शिकत गेली. बेल्ट, अल्टरनेटर आणि एसी हा विभाग सहासष्ट वर्षांच्या इलाही मुजावरांकडे होता. चौदा महिने ते पुण्याला होते, आणि त्या चौदा महिन्यांत अश्लेषाने त्यांच्याइतका गोड माणूस ऑफिसात दुसरा पाहिला नव्हता. ते तिच्या डब्यातली भाजी खायचे आणि आपल्या डब्यातलं मटण तिला बळेच वाढायचे.

मुजावर हात पुसत पुढे आले. बॉनेट उघडून त्यांनी मान आत घातली. आवाज एवढा टोकदार होता की अश्लेषाचे दोन्ही हात आपोआप कानांवर गेले. वस्तादांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी मान वर काढली आणि सुभद्राकडे बघितलं.

“कसा येतोय? तोंडानं काढून दाखव बघू.”

हे वस्तादांचं जुनंच. पाटण रोडवर कुणीही गाडी घेऊन आलं की त्याला आधी गाडीचा आवाज तोंडाने काढायला लागायचा. पोटं सुटलेले गृहस्थ, शाळेचे हेडमास्तर, एकदा तर खुद्द तहसीलदारीणबाई, सगळे या अंगणात उभे राहून ‘खडखडखड’ आणि ‘चुकचुक’ करून गेले होते. सुभद्रा तर यात पटाईत. तिने छाती भरून श्वास घेतला आणि रेड्यासारख्या जाड आवाजात ‘घुंऽऽई, घुंऽऽई’ केलं. वस्तादांचे डोळे चमकले.

“एसी बंद कर. आता?”

“कमी झाला.” तिने आवाज बारीक न करता फक्त आखूड केला.

“मोठे दिवे लाव. मागच्या काचंचं धुकं घालवायची तार लाव. आता?”

“घुंऽऽई.”

“म्हंजे एकट्या कॉम्प्रेसरचं दुखणं न्हाई. अल्टरनेटरवर भार टाकला तरी वराडतोय.” त्यांनी लांब डिसमिस घेतला. स्क्रू-ड्रायव्हरला गॅरेजात डिसमिसच म्हणतात. त्याचं टोक अल्टरनेटरच्या पाठीवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. “बेअरिंग लोण्यासारखी फिरती. अल्टरनेटर निर्दोष हाय.” मग बाटलीतून बेल्टवर पाण्याचा फवारा मारला. “आता?”

“वाढला वो.”

“पाणी मारल्यावर वाढतो म्हंजे बेल्ट घसरतोय. ताण न्हाई त्याला.”

गाडी बंद करून त्यांनी बेल्ट ताणून धरणारी पुली दाखवली. तिचा स्प्रिंगचा दांडा गंजून जागेवरच आवळून बसला होता. गुरुवारी पाटणच्या माणसाने नवा बेल्ट घातला, पण दिवा हिरवा म्हणून पुलीकडे बघितलंच नाही. हाही बेल्ट महिनाभरात तुटला असता. निदान अचूक होतं आणि पाच मिनिटांत झालं होतं. अश्लेषाला नेहमीसारखं कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकाच्या पाठोपाठ तिला काहीतरी खुपलं. गाडी कानाशी किंचाळत असताना वस्ताद दर खेपेला ‘आता?’ असं का विचारत होते? आणि सुभद्रा एवढ्या बारीक आवाजाची नक्कल एवढ्या जाड आवाजात का करत होती?

घर गॅरेजच्या मागेच होतं. वस्तादांच्या पत्नी हमीदाचाचींनी चहाला आत बोलावलं. वस्ताद दाराशी खुर्चीत पेपर घेऊन बसले. त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर शेगडीवरच्या कुकरने शिट्टी दिली. मग दुसरी. तिसरी झाल्यावर चाचींनी गॅस बंद केला.

वस्तादांनी पेपरातून डोकं वर काढलं. “आज कुकर लावला न्हाईस वाटतं अजून?”

“लावते की,” चाची म्हणाल्या, आणि ओट्यावर उगीच एक भांडं इकडचं तिकडे ठेवलं.

अश्लेषाने कप खाली ठेवला. वस्ताद चहा संपवून जुनी पुली उतरवायला बाहेर गेले. मग तिने हळूच विचारलं, “चाची, किती वर्षं झाली?”

चाचींनी तिच्याकडे बघितलं नाही. “सात. आट आसतील. जाड आवाज येतो, माणसाचं बोलणं येतं. बारीक आवाज येत न्हाई. कुकर न्हाई, फोन न्हाई, कावळा येतो पर चिमणी न्हाई. चाळीस वर्सं इंजनात डोकं घालून बसलेला मानूस, आनि काय हुनार.”

“त्यांना माहीत आहे?”

“त्यांना वाटतं, आमास्नी म्हाईत न्हाई.”

“आणि सुभद्राताईंना?”

“सगळ्या पाटण रोडला म्हाईत हाय. ते तोंडानं काढाय लावायचे ते आधी चेष्टा म्हनून. मग लोकांच्या ध्यानात आलं, बेल्टचा आवाज त्यांना गाडीतनं कळत न्हाई, पर तोंडानं जाड करून काढला की लगीच कळतो. कुनी बोललं न्हाई. ज्यानं त्यानं आपला आवाज जाड केला.” चाचींचा आवाज जरा ओला झाला. “एवढा जपला त्यांना लोकांनी. त्यात कुनाचं काय वाईट झालं, सांग.”

अश्लेषाला सगळं एकदम कळलं आणि कळल्याचं दुःख झालं. वस्तादांची निवड याच अंगणात झाली होती. शंभर गाड्यांपैकी अठ्ठ्याण्णवांचा दोष त्यांनी अचूक सांगितला होता, आणि प्रत्येक गाडीशेजारी तिचा मालक तोंडाने आवाज काढत उभा होता. पुण्याच्या बंद खोलीत मात्र ते एकटे होते. तिथे घुंई करून दाखवायला सुभद्रा नव्हती. बेल्टच्या बारीक किंकाळीच्या सहाशे बारा नमुन्यांवर त्यांनी ‘दोष नाही’ दाबलं होतं. श्रवणी आज्ञाधारक होती. वस्तादांचं ऐकणं ती शिकली, आणि वस्तादांचं न ऐकणंही शिकली. आता एक्केचाळीस हजार गाड्यांमध्ये तेच न ऐकणं हिरवा दिवा लावून बसलं होतं.

तिने चाचींना हे सांगितलं. चाचींनी कुकरवरची शिट्टी काढून ठेवली. मग म्हणाल्या, “जा, सांग त्यांना. मला जमायचं न्हाई.”

बाहेर वस्ताद मांडीवर गंजलेली पुली घेऊन टायरवर बसले होते. समोर सुभद्रा पाय पसरून तुटक्या बेल्टच्या खाचांवरून बोट फिरवत होती. अश्लेषा शेजारी जाऊन बसली. मनात तिने तीन वाक्यं जुळवली होती. पण वस्तादांनीच आधी सुरुवात केली.

“सदतीस गाड्या म्हनालीस. सगळ्यांचा बेल्टच?”

“हो.”

“बेअरिंग गेली आनि श्रवणीला कळलं न्हाई, आसं एक तरी?”

“एकही नाही.”

“कॉम्प्रेसर धडधडला आनि चुकली?”

“नाही, वस्ताद. धडधड ती कधीच चुकत नाही.”

मुजावरांनी पुली खाली ठेवली. भार टाकत, भार काढत, एकेक भाग निर्दोष सोडत ते गाडीचा दोष कोंडीत पकडतात, तसाच त्यांनी आताही पकडला होता. “म्हंजे जाड आवाज बराबर आनि बारीक चूक. मग दोष डबीत न्हाई. दोष तिच्या कानात हाय.” त्यांनी तेलकट बोट आपल्या कानाला लावलं. “आनि कान माझा हाय.”

सुभद्राने तुटका बेल्ट खाली ठेवला.

“वाजव,” ते म्हणाले. “खालनं सुरू कर, आनि वर वर जा.”

अश्लेषाने टॅबलेटवर एक सूर लावला, भुंग्यासारखा जाड, आणि तो हळूहळू चढवायला सुरुवात केली. वस्ताद डोळे मिटून बसले. “हाय,” ते म्हणाले. “हाय. हाय.” सूर चढत गेला. “हाय.” मग ते गप्प झाले, पण मान तशीच किंचित वाकडी ठेवून वाट बघत राहिले. सूर अजून चढला. रस्त्यापलीकडच्या कुत्र्याने कान टवकारले. सुभद्राने तोंड फिरवलं.

वस्तादांनी डोळे उघडले आणि आधी अश्लेषाच्या, मग सुभद्राच्या चेहऱ्याकडे बघितलं. “थांबला का?”

“नाही, वस्ताद,” अश्लेषा म्हणाली. “वाजतोय.”

ते क्षणभर तिच्या बोटांखालच्या पडद्याकडे बघत राहिले, जणू तिथे तरी आवाज दिसेल. मग त्यांनी मान हलवली. “बारीक आवाज कमी येतोय, हे म्हाईत हुतं मला. पर इतकं, हे न्हवतं म्हाईत. त्या खोलीत काई ऐकू आलं न्हाई की मला वाटायचं, गाडी बरी हाय. बटनं दोनच हुती. ‘दोष न्हाई’ दाबायचो. मला ऐकू आला न्हाई म्हंजे आवाजच न्हाई, आसं धरलं मी.” ते सुभद्राकडे वळले. “तुला ठावं हुतं?”

“व्हय,” सुभद्रा म्हणाली.

“आनि रसवंतीवाल्याला?”

“समद्यांस्नी.”

वस्तादांच्या चेहऱ्यावर राग आला. सुभद्राने तो तिच्या आयुष्यात पहिल्यांदा बघितला. “माझी अब्रू राखत बसला व्हय तुमी? आबा तिकडं धापा टाकत हुता घाटात.” मग तो राग जसा आला तसा गेला, कारण राग धरायला त्यांना माणूसच सापडेना. सगळ्यांनी प्रेमच केलं होतं, आणि त्यांनी स्वतःही लपवायचंच काम केलं होतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी ते तेलकट बाहीने पुसले, त्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला, पण कुणाला हसू आलं नाही.

“अहवालात मी नुसतं लिहीन की बारीक आवाजांचे नमुने पुन्हा तपासायला हवेत,” अश्लेषा म्हणाली. “नाव घालायची गरज नाही.”

“नाव घालूनच लिही. इलाही मुजावरला बारीक आवाज ऐकू येत न्हाई, म्हनून श्रवणीलाबी येत न्हाई. उद्या दुसऱ्या कुनी इचारलं तर त्याला कळाय नको व्हय, दोष कुठनं आला?”

“लोक गाड्या आणायचे बंद होतील, वस्ताद.”

“हूं दे,” ते म्हणाले, पण ते म्हणताना त्यांनी एकदा सगळ्या गॅरेजवरून नजर फिरवली. मग ते पुन्हा बोलले, तेव्हा आवाज कामाचा झाला होता. “ते समदे बारीक आवाज परत ऐकाय पायजेत. माझ्याबराबर या सुभद्राला बसव खोलीत. हिच्यासारकं धा ड्रायव्हर बसव. ते तोंडानं काढतील, मी दोष सांगीन. आनि तिसरं बटन लाव.”

“तिसरं?”

“‘मला कळत न्हाई’. शिकवनाऱ्याला ते बटन पायजे. न्हाईतर तो दोनातलं एक दाबतो आनि मोकळा हुतो.”

अडीच महिन्यांनी अश्लेषा पुन्हा कराडला आली, ती सुधारलेली श्रवणी घेऊन. आता डॅशबोर्डवर पिवळ्याशेजारी पांढरा दिवा होता. तो लागला की तिथूनच एक सौम्य आवाज येई, ‘हे मला नीट ऐकू येत नाही. तुम्हाला कसं ऐकू येतंय, तोंडानं काढून दाखवा.’ घाटांतून आता ड्रायव्हर डॅशबोर्डकडे वाकून घुंई घुंई करत जात होते. सुभद्राच्या गाडीत तर पाचही पेशंट कोरसमध्ये करत, आणि साळुंखे आबांची घुंई सगळ्यांत चांगली असे, दम लागला तरी.

लोकांनी गाड्या आणणं बंद केलं नव्हतं. उलट, आता ते अंगणात येऊन मोकळेपणाने ओरडत होते. वस्तादांच्या कानात डाळीच्या दाण्याएवढं यंत्र आलं होतं आणि त्यांची नवीच तक्रार सुरू झाली होती.

“हमीदा एवढं बोलती हे मला आट वर्सं कुनी सांगितलं न्हाई,” ते अश्लेषाला म्हणाले. आतून कुकरची शिट्टी झाली तसे ते ताठ बसले. “तीन झाल्या गं. बंद कर.”

“दोन झाल्यात,” चाची आतून म्हणाल्या. “एक त्या रसवंतीवाल्यानं मारली.”

सुभद्रा हसली, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. पेशंटांना रुग्णालयात सोडून ती आली होती आणि तासभराने तिला परत जायचं होतं. अश्लेषा निघायला लागली तशी ती तिच्याबरोबर गाडीपर्यंत गेली.

“बाई, एक इचारू? आबांच्या छातीला डॉक्टर आता कान लावत न्हाईत. तसलीच एक डबी लावत्यात. हिरवा दिवा लागला की, जावा घरला. त्या डबीला कुनी शिकवलं?”

अश्लेषाचा हात गाडीच्या दारावर थांबला. तिला पुण्याची ती इमारत आठवली, वस्तादांच्या खोलीशेजारची खोली, आणि हेडफोन लावून रोज दहा ते सहा छातीचे आवाज ऐकणारे ते नऊ नामांकित, बहुतेक वयस्कर डॉक्टर. चहाच्या वेळी ती त्यांच्याशी गप्पा मारायची. फार चांगली माणसं होती.

“आमच्या शेजारीच बसायचे ते,” ती म्हणाली.

सुभद्राने गाडीचं दार धरून ठेवलं.

“मग त्यांच्याम्होरं बटनं किती हुती वो?”